सातवा फर्मा

आमच्या घरात नुसतं 'ती' म्हटलं की ती मी नसते, कादंबरी असते. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माझ्या नवऱ्याने ती लिहिली आणि तेव्हापासून मी सवतीबरोबर नांदते आहे. नवऱ्याला मी इथेही 'हे'च म्हणणार. चाळीस वर्षांची सवय एका गोष्टीपायी मोडायला मी काही आता तरुण नाही.

तर ती. हवा नसलेल्या एका ग्रहावर काचेच्या घुमटात काही माणसं राहतात. त्यांत दोन भाऊ असतात. एके दिवशी बाहेरचा मनोरा बिघडतो. धाकटा जाड पोशाख चढवतो, "किटली ठेव, आलोच," असं म्हणून दाराबाहेर पडतो आणि परत येत नाही. थोरला किटली ठेवतो. ती उतरवायचं त्याच्या जिवावर येतं. त्याच्यामागे मुलं ठेवतात, मग नातवंडं ठेवतात. दोनशे वर्षांनी त्या घुमटात किटलीचं प्रार्थनाघर असतं, लांब बाह्यांचे पुजारी असतात आणि झाकण उघडं ठेवावं की बंद, यावरून दोन पंथ एकमेकांची डोकी फोडत असतात.

हे सगळं यांनी धर्माची टर उडवायला लिहिलं. यांचं म्हणणं असं की, बक्षीस मिळालेली कुठलीही जाडजूड विज्ञान कादंबरी उघडा, यान कितीही जोरात जाऊ दे, शंभर पानांच्या आत एक पुजारी निघतोच. माणूस ताऱ्यांवर गेला तरी सामानात देव बांधून नेतो. मग यांनी ठरवलं, आपण तो देव सगळ्यांसमोर उघडा पाडायचा. यांचा देवावर विश्वास नाही. देवाचाही यांच्यावर नसावा, कारण इतक्या वर्षांत त्याने यांच्या वाटेला जायचं टाळलंय.

त्या वर्षीचा सगळ्यात मोठा पुरस्कार तिला मिळाला. पुरस्कार म्हणजे काचेचा एक गोळा, चांगला कलिंगडाएवढा. तो बाहेरच्या खोलीत काळ्या लाकडी बैठकीवर असतो आणि त्याच्या वर भिंतीवर फ्रेममध्ये मानपत्र. रोज सकाळी आंघोळ झाली की हे स्वतः मऊ फडक्याने गोळा पुसतात आणि क्षणभर त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहतात. मी एकदा विचारलं, "फुलं आणून ठेवू का?" दोन दिवस बोलले नाहीत.

आणखी एक सांगते आणि मग मुद्द्यावर येते. घराबाहेर पडताना सांगून जायची पद्धत यांना नाही. दार वाजलं की समजायचं, स्वारी गेली. 'आलोच' लिहून पुरस्कार मिळवणाऱ्या माणसाने बायकोला तो शब्द कधी ऐकवलेला नाही.

शनिवारी सकाळी प्रकाशकांची मुलगी आली. जुने प्रकाशक गेले, आता कारभार ती बघते. पोरगी हुशार आहे, पण बोलताना पेन कानामागे खोचते आणि मग सगळीकडे पेन शोधत बसते. कादंबरीची पहिली आवृत्ती संपायलाच कितीतरी वर्षं लागली होती. पुरस्कार डोक्यावर घेणारे पुस्तक विकत घेतातच असं नाही. आता मात्र जुन्या प्रतींना मागणी आली होती, म्हणून तिला नवी आवृत्ती काढायची होती. तिने पिशवीतून खाकी कव्हर घातलेली एक प्रत काढली.

"काका, सगळं तयार आहे. एवढंच नक्की करायचं होतं. सातवा फर्मा दोनदाच ठेवायचा ना?"

"दोनदा म्हणजे?" हे म्हणाले.

"म्हणजे आहे तसाच."

फर्मा म्हणजे मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली सोळा पानं. अशा घड्या एकावर एक ठेवून शिवल्या की पुस्तक होतं. आमच्या नात्यात बाइंडिंगखाना असल्यामुळे एवढं मलाही ठाऊक आहे. यांनी तिच्या हातातून प्रत घेतली आणि पानं उलटली. एकशे बाराव्या पानाच्या तळाशी धाकटा भाऊ "आलोच" म्हणून बाहेर पडला. समोरचं पान पाहिलं तर ते सत्त्याण्णवावं. धाकटा भाऊ पुन्हा टेबलाशी बसलेला, चहा पितोय, थोरल्याची चेष्टा करतोय. मग पुन्हा एकशे बारा, पुन्हा "आलोच". आणि त्यानंतर कुठे एकशे तेरावं पान.

यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आतून यांनी आपली प्रत आणली. त्यात सत्त्याण्णव एकदाच, एकशे बारा एकदाच, आणि लगेच एकशे तेरावं पान, ज्यावरचं पहिलं वाक्य यांना स्वतःच्या नावापेक्षा जास्त आवडतं: 'तो आला नाही.'

"ही बाइंडरची चूक आहे," हे म्हणाले.

"चूक?" पोरीने कानामागचं पेन काढलं आणि परत खोचलं. "पण काका, सगळे लोक तर त्यासाठीच... मागे मुलाखतीत तुम्हाला विचारलं होतं ना, निरोप दोनदा का लिहिला? तुम्ही म्हणालात, त्याचं उत्तर ज्याने त्याने शोधायचं."

मला हसू फुटलं, ते मी खोकल्यावर ढकललं. यांना प्रश्न समजला नाही की हे असंच काहीतरी गंभीर चेहऱ्याने ठोकून देतात. वाचकांची पत्रं तर हे उघडतच नाहीत.

पण खरा घाव पुढेच होता. हे सावकाश उठले आणि गोळ्यासमोर जाऊन भिंतीवरचं मानपत्र वाचू लागले. रोज समोर असलेली गोष्ट माणूस वाचत नाही. तिथे लिहिलं होतं: 'एकच निरोप दोनदा लिहिण्याचं धैर्य दाखवणारी, आणि श्रद्धेचा जन्म इतक्या जवळून पाहणारी कादंबरी.'

"मला वाटलं, समीक्षकांची भाषा आहे," हे म्हणाले आणि स्टुलावर बसले.

म्हणजे परीक्षकांनाही दोनदावालीच प्रत मिळाली होती. कलिंगडाएवढा गोळा बाइंडिंगखान्यातल्या घोटाळ्याला मिळाला होता. मला यांची दया आली, अगदी खरी. पण हसूही आवरेना, म्हणून मी चहाचे कप उचलून आत गेले.

बाहेर आले तेव्हा दयेची गरज संपली होती. हे रागावले होते. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर, खाली बारीक अक्षरात, बांधणी कोणी केली ते छापलेलं होतं आणि यांचं बोट तिथे टेकलेलं होतं. बाइंडिंगखाना वन्संच्या नवऱ्याचा.

वन्सं म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण. त्यांचा नवरा, आमचे भावोजी, मोठे मिस्कील होते. दोन वर्षांपूर्वी दाढीचं ब्लेड आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि दुकानाच्या पायरीवरच गेले. तेव्हापासून वन्सं दर रविवारी दुपारी किटली मंडळात जातात. हो, तसं मंडळ आहे. एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर ही कादंबरी वाचायला पंधरा-वीस माणसं जमतात. यांना कित्येकदा बोलावणं आलं, पण हे त्यांना 'अंधभक्त' म्हणतात आणि बहिणीचं नाव निघालं की विषय बदलतात.

"सोमवारपर्यंत सांगा, काका," प्रकाशकांची मुलगी म्हणाली. "सोमवारी छपाईला द्यायचंय. एकदा की दोनदा, एवढंच."

"एकदा," हे म्हणाले. "आणि उद्या मी त्या मंडळात जाणार आहे. सगळ्यांना सांगणार आहे की तुम्ही ज्याला भजताय ती बाइंडरची डुलकी आहे."

पोरगी गेल्यावर मी यांना धारेवर धरलं. "वन्सं तिथे असणार. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची चूक चारचौघांत काढणार तुम्ही?"

"चूक ती चूक. तिलाही कळू दे, ती कशाला धरून बसली आहे."

"अहो, पण त्या धरून बसल्या आहेत ना? मग सोडवता कशाला?"

"मी हे पुस्तक लिहिलंच त्यासाठी होतं," हे म्हणाले. वादात हरले की मी भांडी जोरात घासते. त्या दिवशी आमची सगळी भांडी लखलखीत झाली.

वन्संची प्रत मी पाहिली होती. शिवण उसवलेली, मधली पानं सुटी झालेली, रबरबँड लावून ठेवलेली. तो दोन्ही वेळचा सातवा फर्मा, हे मला आत्ता कळलं. नव्या आवृत्तीची बातमी कळल्यावर मला फोनवर म्हणाल्या होत्या, "बरं झालं वहिनी, आता माझी पानं उडून जाणार नाहीत." ते आठवलं आणि मला झोप लागेना. हे मात्र घोरत होते.

रविवारी दुपारी आम्ही लाँड्रीचा जिना चढलो. खाली शटर अर्धं ओढलेलं होतं. वरच्या खोलीत इस्त्रीची दोन लांब टेबलं भिंतीला लावून ठेवली होती, दांड्यांवर लोकांचे शर्ट टांगलेले होते आणि कोपऱ्यात विजेच्या शेगडीवर साधी, बुडाला पोचा आलेली किटली. मला वाटलं होतं काहीतरी धूप-दीप असेल. तसलं काही नव्हतं. चहाचा वास आणि स्टार्चचा वास, एवढंच.

लाँड्रीवाले गृहस्थ पुढे आले. मोठ्या अंगाचे, आवाज अगदी मऊ. यांना बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी यांचा कोट काढून घेतला आणि सवयीने बाहीवरचा डाग तपासला. "सर, तुम्ही आलात. या, बसा. हा चहाचा निघेल डाग."

वन्सं खिडकीजवळ बसल्या होत्या. मांडीवर रबरबँड लावलेलं पुस्तक. भावाला बघून त्या उठल्या नाहीत, नुसत्या सरकून बसल्या आणि माझ्यासाठी जागा केली. मी त्यांचा हात धरला.

हे बसलेच नाहीत. खोलीच्या मध्ये उभे राहिले, घसा खाकरला आणि सभेत बोलतात त्या आवाजात म्हणाले, "मला तुम्हाला एक खरी गोष्ट सांगायची आहे. तुम्ही जी सोळा पानं दोनदा वाचता, ती मी एकदाच लिहिली. बांधणीत चूक झाली. त्यात काही गूढ नाही, अर्थ नाही, काही नाही. ती चूक आहे."

कोपऱ्यात किटली खदखदत होती. वन्संचा हात माझ्या हातात होता, तो हलला नाही.

मग लाँड्रीवाले जरा संकोचून म्हणाले, "हो सर. माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"चूक आहे ते. पानांवर आकडे असतात ना, सर. सत्त्याण्णव ते एकशे बारा, मग परत सत्त्याण्णव. पहिल्यांदा वाचतानाच कळतं." त्यांनी इतरांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "मी तर दुकानदाराशी भांडायला गेलो होतो, बदलून द्या म्हणून."

यांची सगळी हवाच निघून गेली. बॉम्ब म्हणून आणलेली वस्तू लोकांनी फुलदाणी म्हणून ठेवून घेतली, असं यांचं तोंड झालं.

"मग... तरीही?" हे म्हणाले.

"मग म्हटलं, बघू तरी वाचून," लाँड्रीवाले म्हणाले. "माणूस गेला, समोरचं पान बघतो तर बसलाय की चहा पीत. बरं वाटलं, सर. बाकी काही नाही. मग दर रविवारी वाटायला लागलं. आम्ही दोन वेळा वाचतो आणि थांबतो."

"आणि एकशे तेरावं पान? 'तो आला नाही'?" यांचा आवाज जरा चिरकला. लाडकं लेकरू कुणी विचारत नाही म्हटल्यावर बापाचा चिरकेल तसा.

"ते आम्ही वाचत नाही, सर. ते काय, सगळ्यांना माहीतच असतं."

हे मटकन स्टुलावर बसले. तेव्हा वन्सं बोलल्या.

"दादा, ती डुलकी नव्हती हं. ह्यांना उगाच नाव ठेवू नकोस." त्या मंडळींकडे वळल्या. "हे पुस्तक आमच्या बाइंडिंगखान्यात बांधलं. तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आमचं नुकतंच लग्न झालं होतं. प्रकाशकांना घाई, पुरस्काराला प्रती पाठवायच्या होत्या, आणि नेमके कामगार रजेवर. मग आम्ही दोघांनीच फर्मे उचलले. लांब टेबलावर ओळीने गठ्ठे मांडायचे आणि टेबलाभोवती चालत एकेका गठ्ठ्यातून एकेक उचलायचा. मी पुढे, हे मागे. सातव्याचा गठ्ठा उंच झाला होता, तो घसरायला लागला म्हणून मी त्याचे दोन केले आणि शेजारी शेजारी ठेवले. आणि मग आम्ही बोलतच राहिलो. काय बोलत होतो देव जाणे. सातवा उचलायचा, परत सातवा उचलायचा, हसायचं, पुढे जायचं. अर्ध्या प्रती झाल्या आणि सातवा संपला. तेव्हा कळलं."

"मग उसवायच्या होत्या!" हे म्हणाले.

"तोवर पहिला गठ्ठा शिवून गेला होता, परीक्षकांकडे आणि दुकानांतही. उरलेल्यांसाठी सातवा पुन्हा छापून घेतला, ह्यांनी स्वतःच्या खिशातून. आणि तुझ्या घरच्या प्रतींचे फर्मे ह्यांनी चार चार वेळा मोजून मगच दिल्या. म्हणायचे, तुझ्या भावाला कळलं तर तो जेवत्या ताटावरून उठेल." वन्सं हसल्या. "पुरस्कार मिळाला तेव्हा ह्यांना किती दिवस ठसका लागत होता, आठवतं? हसू दाबत होते रे. मला म्हणायचे, त्या गोळ्यातला अर्धा आपला आहे."

मंडळी हसली. मीही हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. यांनी मान खाली घातली होती. भावोजींशी यांचं कधी फार जमलं नाही. पण त्यांच्या ठसक्याची गंमत हे घरी नेहमी सांगायचे, एवढं मला माहीत होतं.

"ते पण 'आलोच' म्हणूनच गेले, दादा," वन्सं हळू म्हणाल्या. "ब्लेड आणायला. मी वेडी नाही. ते यायचे नाहीत, मला कळतं. पण दर रविवारी मला तेवढी एक फेरी मिळते. टेबलाभोवतीची. ती नव्या पुस्तकातून काढू नकोस, एवढंच मागते. बाकी तू आणि तुझा गोळा."

लाँड्रीवाल्यांनी अवघडून घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, आज वाचायची पाळी माझी होती. पण तुम्ही आलाच आहात तर..."

यांनी कोटाच्या खिशातून चष्मा मागवला आणि आपली प्रत उघडली. पुराव्याला सोबत आणलेली, एकदावाली. सत्त्याण्णवाव्या पानावरून वाचायला लागले. सुरुवातीला आवाज सभेतलाच होता. मग धाकटा थोरल्याच्या केसांवरून त्याला चिडवतो तिथे लोक हसले, अगदी मनापासून, आणि यांनी चमकून वर पाहिलं. तो विनोद आहे हे आजवर कोणी यांना सांगितलं नसावं. मग आवाज सैल झाला. धाकट्याने पोशाख चढवला, हातमोजे घातले, एक हातमोजा सापडेना, तो किटलीच्या मागे निघाला. "किटली ठेव," हे वाचत होते. "आलोच."

पान संपलं. समोरच्याच पानावर यांचं लाडकं वाक्य होतं आणि यांचं बोट त्यावर टेकलेलं होतं. या माणसाला मी ओळखते. शब्द मागे घेणं यांच्या रक्तात नाही. मी वन्संकडे पाहिलं. त्या किटलीकडे बघत होत्या आणि वाट पाहत होत्या. खरोखर वाट पाहत होत्या.

यांनी बोट काढलं. मग पानं मागे घेतली, एक एक करून, सोळाच्या सोळा. घसा साफ केला आणि सत्त्याण्णवाव्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्या वेळी हे हातमोज्यापाशी अडखळले. चष्मा काढून पुसला. वन्संनी जागेवरूनच सांगितलं, "किटलीमागे आहे, दादा." आणि तो तिथेच निघाला.

जिना उतरताना हे मला म्हणाले, "मूर्खपणा आहे सगळा." मी म्हटलं, "हो." मग खालच्या पायरीवर थांबून म्हणाले, "पण त्या विनोदाला हसले लोक." मी म्हटलं, "दोन्ही वेळा."

सोमवारी सकाळी यांनी गोळा पुसला, पण समोर उभे राहिले नाहीत. माझ्याकडे वर्तमानपत्र मागितलं, गोळा त्यात गुंडाळला आणि पिशवीत घातला. "आधी प्रेसमध्ये जातो," हे आपणहून म्हणाले. "दोनदा म्हणून सांगतो त्या पोरीला. आणि बांधणी कोणाची ते या वेळी मोठ्या अक्षरात टाका म्हणतो. मग तुझ्या वन्संकडे जातो. सहा महिने तिच्याकडे, सहा महिने आपल्याकडे. अर्धा म्हणजे अर्धा."

पिशवी सांभाळत हे दारापर्यंत गेले, चपला घातल्या. मी नेहमीसारखी दार वाजायची वाट बघत भाजी निवडत होते. दार उघडलं, पण वाजलं नाही. मागे वळून, माझ्याकडे न बघता, हे म्हणाले, "आलोच."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. धर्म कसा सुरू होतो यावर आमच्या घरात एक अख्खी कादंबरी आहे, पुरस्कार मिळालेली. ती मी चांगली वाचलेली आहे, आणि तिच्यातल्या थोरल्या भावाला मी पहिल्या वाचनात खुळा ठरवलं होतं. तरी मी उठले आणि किटली ठेवली.

हे दोन तासांनी आले. चहा उकळून उकळून काळा आणि कडू झाला होता. यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि कुरकुर न करता सगळा कप संपवला.